वायोमिंगचा अर्ज

आमचं जेवणाचं टेबल सहा माणसांचं होतं आणि आम्ही घरात तिघंच, आई, बाबा आणि मी. उरलेल्या अर्ध्या टेबलावर काही वर्षं अमेरिकेतला एक डोंगराळ माळ पसरलेला असे. तो नकाशा दुमडायचा नाही, घड्यांवर कागद फाटतो, असा बाबांचा नियम होता. त्याच्या चार कोपऱ्यांवर चार वजनं असत: लोणच्याची बरणी, आईचा खलबत्ता, भूलशास्त्राचं एक जाडजूड पुस्तक आणि माझा जुना रोलर स्केट. लोणचं हवं असलं की आधी बाबांकडे बघावं लागे. मग ते एका हाताने कोपरा दाबून धरत आणि दुसऱ्या हाताने बरणी पुढे करत. आई म्हणायची, "अहो, माझी बरणी मोकळी करा, नाहीतर आजपासून त्या हरणांनाच लोणचं वाढते." बाबा चष्म्यावरून तिच्याकडे बघत आणि म्हणत, "हरणं नाहीत ती. अँटिलोप. आपल्याकडच्या काळविटाची लांबची भावंडं समज." मग पुन्हा नकाशात डोकं.

मँचेस्टरच्या उत्तरेला, शहर संपून ओसाड टेकड्या सुरू होतात तिथल्या एका गावात आम्ही राहत होतो. बाबा तिथल्या हॉस्पिटलमध्ये भूल देणारे डॉक्टर होते. मी सहा वर्षांची असताना आम्ही सोलापूरहून आलो, दोन वर्षांसाठी म्हणून, आणि राहिलो. घर दगडी, विटकरी रंगाचं कार्पेट, खिडक्या नेहमी वाफाळलेल्या, कारण आई कुकर लावायची तेव्हा थंडीमुळे एकही खिडकी उघडायची नाही. त्या घराचे आवाज मला अजून ऐकू येतात: कुकरची शिट्टी, बॉयलरची घरघर, बाबांच्या पट्ट्याला लावलेल्या ब्लीपची, म्हणजे हॉस्पिटलच्या पेजरची, पिरपिर. ब्लीप वाजला की आम्ही तिघंही खात असलेला घास तसाच धरून थांबत असू. बाबा फोनवर दोन वाक्यं बोलत, कोट चढवत, आणि आई त्यांच्या ताटावर दुसरं ताट उपडं घालून ठेवी.

बाबा फार कमी बोलत. पेशंटला झोपवण्याआधी जेवढं बोलायचं तेवढं बोलून ते घरी येत, आणि मग जणू त्यांचे शब्द संपलेले असत. फक्त एका विषयावर ते बोलत. त्यांचे काका सोलापूरकडच्या माळावर शिकारीला जात, तेव्हा अजून बंदी आली नव्हती. चौदाव्या वर्षी काकांनी त्यांच्या हातात बंदूक दिली. समोर काळविटांचा कळप, मधे नुसतं वाळलेलं गवत आणि वारा. बाबांनी नेम धरला, श्वास रोखला, आणि गोळी कुठे गेली ते कुणालाच कळलं नाही. काका हसले आणि म्हणाले, पुढच्या खेपेला. पुढची खेप आली नाही. कॉलेज आलं, काका गेले, बंदी आली. "बंदी बरोबरच आहे," बाबा म्हणत, "राहिलीत किती?" पण हे बोलताना त्यांचा उजवा हात मांडीवर किंचित उचललेला असे, जणू अजून तो श्वास त्यांनी सोडलेला नाही.

रॉन आमच्या घरात आला तो टेकडीवरून. तो बाबांच्याच हॉस्पिटलमध्ये ऑपरेशन थिएटरचा पोर्टर होता. वॉर्डमधून पेशंटची ट्रॉली ढकलत आणायची आणि शुद्ध आल्यावर परत न्यायची, हे त्याचं काम. सहा-सात वर्षं दोघांनी एकमेकांना फक्त "मॉर्निंग, डॉक" आणि "मॉर्निंग, रॉन" एवढंच म्हटलं असेल. एका रविवारी बाबा आणि मी घरामागच्या टेकडीवर फिरत होतो. वर हेदरच्या झुडपांचं तपकिरी रान, मधूनच फडफडत उडणारे पक्षी. आम्ही पायवाट सोडून जरा आत गेलो, तेवढ्यात एक माणूस हातात काठी घेऊन ओरडत आला. ही खाजगी जागा आहे, पाटी वाचता येत नाही का, वगैरे. बाबा "सॉरी, सॉरी" म्हणत मागे फिरले. त्यांचे कान लाल झालेले मी पहिल्यांदा पाहिले. खाली फाटकाशी रॉन उभा होता, कुत्र्याला घेऊन. त्याने सगळं ऐकलं होतं. तो म्हणाला, "मनावर घेऊ नका, डॉक. मी इथेच जन्मलो, मलाही तो हाकलतो. ही अख्खी टेकडी एका माणसाची आहे, आणि तो लंडनला राहतो."

मग खाली चालत येताना त्याने वायोमिंगचं सांगितलं. त्याच्या बहिणीने एका अमेरिकन सैनिकाशी लग्न केलं होतं आणि ती तिकडे स्थायिक झाली होती. रॉन स्वतः स्कॉटलंडमध्ये कुणाच्या ओळखीने वर्षातून एकदा हरणं मारायला जात असे, पण तिथेही प्रत्येक इंचाला मालक होता. बहिणीकडे मात्र डोंगराच्या पायथ्याला मैलोन्मैल माळ, आणि तो सरकारचा, म्हणजे सगळ्यांचा. परवाना काढायचा, बस्स. तोही बाहेरच्यांना चिठ्ठ्या टाकून देतात, नाव निघालं तर जायचं. कुणाचं फाटक नाही, कुणाला विचारायचं नाही.

"कुणालाच नाही?" बाबांनी विचारलं.

"कुणालाच नाही, डॉक. तुमचे पाय नेतील तिथे."

त्या रविवारी रॉन आमच्याकडे चहाला आला तो संध्याकाळपर्यंत बसला. आईने तिखटमिठाच्या पुऱ्या तळल्या. त्याने अकरा खाल्ल्या, आणि पुढची काही वर्षं आमच्या घरी रविवार म्हणजे रॉन आणि पुऱ्या असं समीकरण झालं. तो पुरीला "पफी बिस्किट" म्हणायचा. आईचं इंग्रजी तेव्हा दुकानापुरतं होतं आणि रॉनचं लँकशायरचं बोलणं भल्याभल्यांना कळत नसे, पण त्या दोघांचं छान जमायचं. बाबांना आई सोडून कुणाशी तरी हसताना मी प्रथम पाहिलं ते त्या टेबलाशी.

बहिणीने नकाशे पाठवले. त्यात सगळ्यांची जमीन पिवळी होती आणि खाजगी पांढरी. काही ठिकाणी ती बुद्धिबळाच्या पटासारखी एकाआड एक होती, आणि पिवळ्या चौकोनात शिरायला पांढऱ्यातून जावं लागे, म्हणजे तिथे जाणं अशक्य. बाबांना त्या भागाची चीड यायची. ते पेन्सिलीने पिवळ्यातून पिवळ्यात जाणाऱ्या वाटा शोधत, रस्त्यापासून ओढ्यापर्यंत, ओढ्यापासून टेकाडामागच्या पाणवठ्यापर्यंत. अँटिलोपची नजर दुर्बिणीसारखी असते. उघड्या माळावर ती माणसाला मैलावरून ओळखतात. तेव्हा वारा कुठून, सूर्य कुठे, कुठल्या घळीतून रांगत जायचं, हे सगळं ते दोघं वाद घालून ठरवत. मांस गरम राहिलं तर बिघडतं, लगेच सोलून कापडात गुंडाळून सावलीत टांगावं लागतं, असं रॉन म्हणाला, तर आईने एक जुनी सुती साडी फाडून सहा लांब पिशव्या शिवल्या. ती सोमवारी आणि चतुर्थीला मांस शिजवतही नसे, पण पिशव्यांना तिने दुहेरी टीप घातली. बंदुकीच्या परवान्यासाठी एक पोलीस चौकशीला आला. त्याने विचारलं, "रायफल बाळगण्याचं योग्य कारण?" बाबांनी त्याला टेबलाशी नेऊन नकाशा दाखवला. तो पोलीस पाऊण तास बसला, दोन चकल्या खाल्ल्या आणि जाताना म्हणाला, "मलाही सांगा, डॉक्टर, जाल तेव्हा."

आणि मी? मी त्या मोहिमेची टायपिस्ट. बाबांचं अक्षर डॉक्टरचं, रॉनचं शुद्धलेखन भयंकर, त्यामुळे पत्रं आणि अर्ज मी टाईप करायचे. मला ते आवडायचं. अर्ज दोघांचा मिळून एकच असे, नाव निघालं तर दोघांचं, नाही तर कुणाचंच नाही. पहिल्या वर्षी नाही निघालं. दुसऱ्या वर्षीही नाही. तिसऱ्या वर्षी रॉनच्या बहिणीने लिहिलं की या वेळी शेजारच्या विभागासाठी अर्ज करा, तिथे जनावरं वाढली आहेत, परवाने पुष्कळ निघणार, मिळाल्यातच जमा. बाबांनी ऑक्टोबरातली तीन आठवड्यांची रजा आधीच मंजूर करून घेतली. इतकी लांब रजा त्यांनी इंग्लंडमध्ये कधी घेतली नव्हती, सोलापूरला आजोबा गेले तेव्हाही नाही. ते रोज कामावरून आल्यावर टेकडीवर चढून यायचे, दम वाढवायला. रक्तदाब होता, गोळ्या चालू होत्या. "आत्ता पायांत जोर आहे," ते आईला म्हणाले, "पुढे काय सांगावं."

त्याच वर्षी मी सोळाची झाले आणि मला बाबांचा राग येऊ लागला. तो का आला, हे मी पुढे कित्येक वर्षं स्वतःला वेगवेगळ्या प्रकारे सांगितलं. तेव्हाचं उत्तर असं होतं की मी मांस सोडलं होतं. शाळेत माझी मैत्रीण ज्यूली प्राण्यांच्या हक्कांची पत्रकं वाटायची. मीही वाटायला लागले. कोटाला बिल्ला लावायचा आणि घरी येऊन हरणं मारायचे कागद टाईप करायचे, हे मला जमेना. ते खरंच होतं. पण दुसरंही एक होतं. फेब्रुवारीत आमच्या वर्गाची एडिनबराला पाच दिवसांची सहल होती आणि बाबांनी सही केली नाही. मुलं आणि मुली एकाच हॉस्टेलमध्ये राहणार म्हणून. मी रडले, भांडले. आई मधे पडली. बाबा नकाशावरून मान वर न करता म्हणाले, "नाही म्हटलं ना, नीलू." बस्स. ते पुन्हा पिवळ्या रंगात बोट फिरवायला लागले. मी जिन्यावर उभी राहून त्यांच्या टकलाकडे बघत होते. ज्याला स्वतःला जगात कुणाची परवानगी नको होती, त्या माणसाकडे मी परवानगी मागत होते. आज मला वाटतं, हरणांपेक्षा हेच कारण मोठं होतं. पण हरणांचं कारण सांगायला बरं होतं.

अर्ज मी टाईप केला. बाबांनी तीनदा तपासून सही केली. संध्याकाळी ड्यूटी संपवून रॉन आला, त्याने स्वयंपाकघरात उभ्यानेच सही केली, पाकीट चिकटवलं आणि माझ्या हातात दिलं. "पोस्टमास्टर," तो म्हणाला, "आता सगळं तुझ्यावर." शाळेच्या वाटेवर पोस्टाची लाल पेटी होती. मी तिच्यासमोर थांबले आणि पुढे गेले. दुपारी टाकीन असं ठरवलं. दुपारी दुसऱ्या रस्त्याने आले. पाकीट माझ्या बॅगेत हॉकीच्या बुटांखाली अकरा दिवस होतं. रोज सकाळी बाबा विचारत नव्हते, कारण मी टाकलं असणार यात त्यांना शंकाच नव्हती. तेच मला सगळ्यात अवघड गेलं. शेवटची तारीख गाठायला पत्र ज्या दिवशी निघायला हवं होतं तो दिवस गेला, त्याच्या दुसऱ्या दिवशी मी ते बसस्टॉपजवळच्या कचऱ्याच्या डब्यात चिप्सच्या कागदांखाली खुपसलं. मला वाटलं होतं, जिंकल्यासारखं वाटेल. बस आली, मी बसले, आणि शाळेत पोचेपर्यंत माझे दात वाजत होते.

उन्हाळा आला. बाबा सकाळी पोस्टमनची चाहूल घेत जिन्यात उभे असत. काहीच येईना. मग एका शनिवारी दुपारी रॉन आला. तो आत आला नाही. बाबा बाहेर गेले आणि दोघं त्याच्या गाडीजवळ उभे राहिले. मी वरच्या खिडकीतून पाहत होते. रॉन खाली बघून काहीतरी सांगत होता, टोपी हातात. बाबा एकच वाक्य बोलले, वळले आणि आत येऊन दार लावलं. रॉन थोडा वेळ तसाच उभा होता. त्या रविवारी तो आला नाही. त्यानंतरच्याही नाही. मी घाबरत घाबरत आईला विचारलं, "रॉन का येत नाही गं?" ती म्हणाली, "काही बोलत नाहीत. हॉस्पिटलातलं काही असेल." महिन्याभराने टेबलावरचा नकाशा गेला. बाबांनी तो गुंडाळून कुठे ठेवला मला माहीत नाही. लोणच्याची बरणी आता कुठेही ठेवता येत होती. ऑक्टोबरातल्या रजेचे पहिले चार दिवस बाबा खुर्चीत बसून राहिले आणि पाचव्या दिवशी कामावर गेले.

मी कुणालाच काही सांगितलं नाही. वाटायचं, परवाना मिळाला नाही असं समजून दोघं नाराज झालेत, पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करतील, मी स्वतः पोस्टात टाकीन. पण पुढच्या वर्षी कुणी अर्जाचं नाव काढलं नाही. आणि त्याच्या पुढच्या वर्षी मला एडिनबराला युनिव्हर्सिटीत प्रवेश मिळाला तेव्हा बाबांनी एका शब्दाने अडवलं नाही. स्वतः गाडीने सोडायला आले. माझी ट्रंक चार जिने वर चढवली. मधे दोनदा थांबले, भिंतीला टेकून. खाली परत आल्यावर माझ्या हातात तूप-मेतकुटाची पिशवी देत म्हणाले, "फिर. ही समोरची टेकडी चढून बघ. इथे कुणी अडवत नाही म्हणे." मी त्यांना तेव्हाही सांगू शकले असते.

मार्चमध्ये फोन आला. दुपारी लेक्चरहून परतले तर हॉस्टेलच्या वॉर्डनने निरोप दिला. मी मिळेल ती ट्रेन पकडली. बाबांना थिएटरच्या बाहेरच, हात धुताना स्ट्रोक आला होता. उजवी बाजू गेली होती. ज्या वॉर्डात त्यांनी इतकी वर्षं पेशंट तपासले तिथेच ते पडून होते आणि ओळखीच्या नर्सेस त्यांच्याशी मोठमोठ्याने, एकेक शब्द तोडून बोलत होत्या. पलंगाच्या पायथ्याशी लावलेल्या कागदावर लिहिलं होतं की पेशंटच्या बोलण्याला अर्थ नाही. मी जवळ गेले. बाबा जिभेला वळण देत पुन्हा पुन्हा काहीतरी म्हणत होते. मी कान लावला. ते म्हणत होते, "उजेड. डोळ्यावर उजेड." मी पडदा ओढला आणि ते गप्प झाले. मी नर्सला सांगितलं, "ही इज स्पीकिंग मराठी." ती बिचारी तोंडावर हात ठेवून उभी राहिली. त्यांचं इंग्रजी पुसून गेलं होतं, अगदी 'येस' आणि 'नो'सकट. मराठी तेवढी राहिली होती, तुटक, पण हळूहळू वाक्यं जुळत होती. मी कॉलेजला सुट्टी सांगितली आणि आई आणि मी पाळीपाळीने त्यांच्यापाशी बसू लागलो. डॉक्टर येत, मी दोन्हीकडचं सांगायचे.

दहाव्या दिवशी रॉन आला. पोर्टरच्या युनिफॉर्ममध्येच, कामाच्या मधल्या वेळात. पलंगाच्या टोकाशी उभा राहिला. "हॅलो, डॉक." बाबांनी त्याच्याकडे बघितलं. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "याला सांग."

"काय सांगू, बाबा?"

ते शब्द शोधत राहिले. कपाळावर घाम आला. "सांग, मी रागावलो नाही आता. सही... सही कुणीही विसरतं. मी फार टोचून बोललो. माणूस आहे, विसरतो."

मला काही कळेना. "कुठली सही?"

"अर्जावरची. त्याची सही राहिली. त्यांनी अर्ज परत... तूच तर टाईप केलास."

मी रॉनकडे पाहिलं. त्याला मराठीचा एक शब्द येत नव्हता, पण 'सही' हा शब्द आणि माझा चेहरा एवढं त्याला पुरलं. त्याने मान अगदी थोडी हलवली. नको, असं. दोन माणसांच्या मधे मी एकटीच होते जिला दोघांची भाषा येत होती, आणि तीन वाक्यांत सगळं सांगता आलं असतं. मी रॉनला इंग्रजीत म्हटलं, "ते म्हणतात ते आता रागावलेले नाहीत. सही कुणीही विसरू शकतं." रॉन म्हणाला, "त्यांना थँक यू सांग. आणि मला माफ करा म्हणावं." मी बाबांना मराठीत सांगितलं, "तो माफी मागतोय." बाबांनी डोळे मिटले.

मी त्याच्या मागोमाग कॉरिडॉरमध्ये गेले. लिफ्टपाशी त्याची रिकामी ट्रॉली उभी होती. तिच्या दांड्यावर हात ठेवून तो हळू बोलला. त्याच्या बहिणीने तिथल्या ऑफिसात जाऊन चौकशी केली होती. अर्ज त्यांना कधी मिळालाच नव्हता. तेव्हाच त्याला कळलं. पाकीट त्याने स्वतः माझ्या हातात दिलं होतं.

"मग तू स्वतःवर का घेतलंस?" मी विचारलं.

"कोणावर तरी जाणारच होतं, लव्ह." तो म्हणाला. "मला वाटलं, माझ्यावरचा राग महिन्याभरात जाईल. तू त्यांची मुलगी आहेस. तुझ्यावरचा गेला नसता." मग ट्रॉली वळवत, "महिन्याचं गणित चुकलं माझं. भूल देणारे डॉक्टर विसराळूपणा माफ करत नाहीत." लिफ्ट आली. त्याने ट्रॉली आत ढकलली. त्याला वॉर्ड चारवरून कुणाला तरी आणायचं होतं.

आज माझं वय बाबांच्या तेव्हाच्या वयापेक्षा जास्त आहे, आणि अजूनही मला समजत नाही की मी त्या क्षणी वॉर्डात परत जाऊन का सांगितलं नाही. त्यांची तब्येत, त्यांचा रक्तदाब, डॉक्टरांची सूचना, अशी सगळी कारणं होती. मी या कारणांच्या आड आणखी सात आठवडे राहिले. बाबांना घरी आणलं. पुढच्या खोलीत पलंग लावला, कारण जिना चढणं शक्य नव्हतं. दर गुरुवारी रॉन दारातून डोकावून "हॅलो, डॉक" म्हणून जाई, पण बसत नसे. बाबा त्याच्याकडे बघून मान हलवत, मोठ्या मनाने माफ केलेल्या माणसाकडे बघावं तसे. ते मला बघवेना. मे महिन्यात एका दुपारी आई त्यांना भरवून उठली आणि मी तिच्या जागी बसले. त्यांचा चांगला हात, डावा, हातात घेतला आणि सांगितलं. सगळं, पेटीपासून कचऱ्याच्या डब्यापर्यंत. एडिनबराच्या सहलीचंसुद्धा. रॉनच्या सहीचंही.

बाबा ऐकत होते. मधे एकदा त्यांनी विचारलं, "अकरा दिवस?" मी हो म्हटलं. त्यांनी त्यांचा हात माझ्या हातातून काढून घेतला. जोराने नाही. आपली वस्तू परत घ्यावी तसा.

पुढचं सांगण्याआधी एवढं सांगते की बाबा त्यानंतर सात महिने होते. त्या सात महिन्यांत ते मला कधी टाकून बोलले नाहीत. मी भरवलं तर जेवले, वाचून दाखवलं तर ऐकलं. कॉलेजला परत जा म्हणून त्यांनीच आग्रह केला. पण त्या दुपारच्या गोष्टीबद्दल त्यांनी एक शब्द काढला नाही, आणि मला माफ केलं की नाही हे मी विचारलं नाही. आईला मी ते गेल्यावर सांगितलं. ती म्हणाली, "मला वाटलंच होतं," आणि भांडी घासत राहिली. आता तीही नाही.

त्या दुपारी मात्र ते म्हणाले, "रॉनला बोलव."

मी हॉस्पिटलात फोन केला. रॉन ड्यूटीवर होता, सुटल्यावर थेट आला. साडेचार वाजले असतील. बाहेर लख्ख ऊन होतं. त्याने दारातच माझ्याकडे पाहिलं आणि ओळखलं. "सांगितलंस," तो म्हणाला. मी मान हलवली. तो आत गेला, मीही त्याच्यामागून गेले, कारण माझ्याशिवाय त्या दोघांचं बोलणं होणार कसं. मी पलंगाशी उभी राहिले आणि म्हणाले, "बाबा, काय सांगू त्याला?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. आवाज अगदी साधा होता. "तू नको," ते म्हणाले. "बाहेर जा."

मी बाहेर आले आणि दार लोटून घेतलं. स्वयंपाकघरात आई भाजी निवडत बसली होती. मी तिच्यासमोर बसले आणि मेथीची एक जुडी ओढून घेतली. आतून बाबांचा आवाज आला, मराठी, अडखळत, थांबत, पुन्हा सुरू होत. शब्द कळत नव्हते. मग रॉनचा, लँकशायरचा, जाड आणि हळू. मग पुन्हा बाबांचा. दोघांपैकी एकालाही दुसऱ्याचं काही कळणं शक्य नव्हतं. तरी कुणी थांबेना. एकदा कुणीतरी हसल्यासारखं वाटलं आणि एकदा कुणीतरी रडल्यासारखं, पण कोण ते मी सांगू शकत नाही. आईने मेथी धुऊन ठेवली, पोळ्यांची कणीक भिजवली, आणि तरी दार उघडलं नव्हतं.

तासाभराने रॉन बाहेर आला. त्याने आईकडे बघून मान लववली, माझ्या खांद्यावर क्षणभर हात ठेवला आणि गेला. मी आत डोकावले. बाबांना झोप लागली होती. तोंड किंचित उघडं, चेहरा ओला. पाहुण्यांची खुर्ची नेहमी भिंतीशी असायची. ती पलंगाच्या डाव्या अंगाला, त्यांच्या चालत्या हाताच्या अगदी जवळ ओढलेली होती. मी ती जागेवर ठेवली नाही, आणि तिच्यावर बसलेही नाही.